राजी उडी मारण्याआधी

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत बहुधा तक्रारीचा सूर लागतो. मुलांचा वेळ जातो, अभ्यास मागे पडतो. या तक्रारींत तथ्य आहेच. पण असा खेळ तयार कसा होतो, हे विचारले तर मुलांना आणि आपल्यालाही सहसा उत्तर देता येत नाही. म्हणून या लेखात आपण पुण्यात तयार झालेल्या एका खेळाकडे पाहू या. तो लोकांच्या हाती पडला त्याच्या आधीच्या काळाकडे आपण विशेष लक्ष देऊ.

या खेळाचे नाव ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो निन्टेन्डो कंपनीच्या ‘स्विच’ या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. खास खेळांसाठी बनवलेल्या अशा यंत्राला कन्सोल म्हणतात. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात ती धावते, भिंतींवर चढते, कड्यांवरून उड्या मारते आणि त्रिशूळ घेऊन लढते.

उड्या मारत पुढे जाण्याच्या खेळांची परंपरा जुनी आहे. जपानच्या शिगेरू मियामोतो यांच्या ‘डाँकी काँग’ या १९८१ च्या खेळात नायक गडगडत येणाऱ्या पिंपांवरून उडी मारतो. पुढे १९८५ साली मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ‘सुपर मारियो ब्रदर्स’ रचला. त्यातले रस्ते, खड्डे आणि भिंती त्यांनी आधी आलेखाच्या कागदावर काढल्या. सबंध खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते. त्यामुळे ढग आणि झुडपे यांच्यासाठी त्यांनी एकच आकृती वापरली, फक्त रंग बदलला. आणखी एक गोष्ट शिक्षकांना आवडेल. खेळाचा पहिला टप्पा त्यांनी पुढचे टप्पे आखून झाल्यावर केला. पुढे काय काय येणार हे ठरल्याशिवाय पहिल्या पाठात काय शिकवायचे, हे कसे कळणार?

आता खुद्द उडीचा विचार करू. रचनाकाराला वाटते, की आपल्या पात्राने २ मीटर उंच उडावे आणि ०.४ सेकंदात वर पोचावे. पृथ्वीवर २ मीटर चढायला सुमारे ०.६४ सेकंद लागतात. पडद्यावर तेवढी उडी रेंगाळल्यासारखी वाटते. मग गुरुत्वत्वरण किती ठेवायचे? उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागा : ४ भागिले ०.१६, म्हणजे २५ मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीच्या अडीच पट! उडीचा सुरुवातीचा वेग २५ गुणिले ०.४, म्हणजे सेकंदाला १० मीटर. वर जाऊन खाली यायला ०.८ सेकंद. पात्र सेकंदाला ६ मीटर वेगाने पुढे जात असेल, तर एका उडीत ते ४.८ मीटर अंतर कापेल. राजीसाठी नेमके हेच आकडे वापरले असे आम्ही म्हणत नाही. रीत ध्यानात यावी म्हणून हे उदाहरण घेतले.

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सहा महिन्यांनी कोणाला वाटले, की उडी जरा जड करावी, तर ४.८ हा आकडा बदलतो. मग त्याच्या भरवशावर आखलेला प्रत्येक खड्डा चुकतो. म्हणून असे खेळ आधी साध्या करड्या ठोकळ्यांवर खेळून पाहतात. चित्रे आणि रंग नंतर येतात. ठोकळे हलवणे सोपे असते, रंगवलेला महाल हलवणे महाग पडते.

राजीचे महाल तर फारच मेहनतीचे होते. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही छोटी संस्था काढली. एपिक कंपनीचे ‘अनरिअल इंजिन’ हे तयार साधन त्यांनी वापरले. प्रकाश, सावल्या, वस्तूंची टक्कर यांचा हिशेब ते करते; उडी कशी असावी, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. वास्तूंसाठी त्यांनी राजस्थानातले किल्ले आणि महाल नजरेसमोर ठेवले, तर रंगकामासाठी पहाडी लघुचित्रे. कथेचे प्रसंग त्यांनी सावल्यांच्या बाहुल्यांच्या रूपात मांडले. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

खरी अडचण होती पैशांची. बंगळूरची ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ १९९७ साली सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या अनेक संस्था परदेशी खेळांसाठी चित्रे आणि इतर कामे करून देत आल्या. कौशल्य इथले, कल्पना बाहेरची. स्वतःचा मोठा खेळ करायचा तर पगार कोण देणार? २०१७ च्या अखेरीस राजीच्या मंडळींनी ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावर लोकांकडे १,२०,००० पौंड, म्हणजे सुमारे एक कोटी रुपये मागितले. तिथला नियम कडक आहे : ठरलेली रक्कम जमली नाही, तर काहीच मिळत नाही. रक्कम जमली नाही.

इथे हे काम संपू शकले असते. पण काही गोष्टी हाती उरल्या होत्या. या निमित्ताने खेळाचा एक छोटा भाग तयार झाला होता, लोकांनी तो खेळून पाहिला होता आणि राजीचे नाव बाहेर पोचले होते. संस्था चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकाने आपले राहते घर विकले. पुढे एपिक कंपनीचे अनुदान मिळाले आणि ‘सुपर डॉट कॉम’ ही प्रकाशन संस्था पाठीशी उभी राहिली. स्विचनंतर १५ ऑक्टोबर २०२० रोजी खेळ इतर कन्सोलवर आणि संगणकावर आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. २०२२ साली सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात हिंदी संवादही आले.

घर विकावे लागणे ही कौतुकाने सांगण्याची गोष्ट आहे असे आम्हाला वाटत नाही. विकायला घर नसलेल्या किती जणांच्या कल्पना करड्या ठोकळ्यांपाशीच थांबल्या असतील! निदान ठोकळ्यांपर्यंत पोचण्याची संधी तरी प्रत्येक मुलाला मिळायला हवी आणि त्याला संगणकही लागत नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या वर्गात हे करून पाहा. आलेखाच्या कागदावर एक चौकोन म्हणजे अर्धा मीटर धरा. धानाच्या बांध्या, त्यांमधले धुरे, मामा तलावाची पाळ आणि मध्येच सारसाचे घरटे, असा एक रस्ता मुलांना आखू द्या. घरट्याला धक्का लावायचा नाही. वरच्या हिशेबाने आडवी उडी ९ चौकोनांची बांधी पार करील, १० चौकोनांची नाही. ती ४ चौकोन उंच जाईल. मग दुसऱ्या गटाला नाणे सरकवत तो रस्ता खेळू द्या. आखणाऱ्याने एक शब्दही बोलायचा नाही. खेळणारा कुठे अडतो, एवढेच टिपायचे. त्यानंतर नवा कागद घ्यायचा आणि रस्ता पुन्हा आखायचा.

पहिला कागद मात्र मुलांना फेकू देऊ नका. त्यावर तारीख घालून तो जपून ठेवायला सांगा. त्यांच्या खेळाचा इतिहास तिथून सुरू होतो.