नवे पिस्तूल, जुन्या खुणा : नाशिक (१९०९) आणि दिल्ली (१९४८) येथील खटल्यांतील शस्त्रांचा पुरावा म्हणून विचार

प्रास्ताविक :
इतिहासलेखनात शस्त्राचा उल्लेख बहुधा नामनिर्देशापुरता येतो. अमुक क्रांतिकारकाने अमुक बनावटीचे पिस्तूल वापरले, एवढे सांगून लेखक पुढे जातो. वस्तुसंग्रहालयातील फलकही तेवढेच सांगतो. कागदपत्राची शाई, कागद, मोडी वळण आणि शिक्का यांची जशी चिकित्सा होते, तशी शस्त्राच्या पृष्ठभागाची क्वचितच होते. वास्तविक शस्त्रही एक लेख आहे. मात्र तो एका हाताने लिहिलेला नसतो. कारखान्यातील कारागीर, तपासनीस, दुकानदार, वाहक, वापरणारा आणि शेवटी पोलीस ठाण्यातील मुद्देमाल सांभाळणारा शिपाई या सर्वांच्या खुणा त्याच्यावर एकावर एक साचलेल्या असतात. त्यांतील कोणती खूण कोणाची, हे ठरविता आले तरच ती पुरावा ठरते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न महाराष्ट्राशी निगडित अशा दोन खटल्यांच्या आधारे तपासला आहे. पहिल्यातील पिस्तूल नवे होते, दुसऱ्यातील वापरलेले.

पृष्ठभाग काय सांगतो :
विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पिस्तुलाचा निळसर काळा रंग हा रंग नसून पोलादावर मुद्दाम आणलेला एक प्रकारचा गंजच असतो. नियंत्रित रीतीने ऑक्साइडचा थर चढवायचा, तो घासायचा, पुन्हा चढवायचा, अशी ती प्रक्रिया. हा थर अत्यंत पातळ असल्याने तो लवकर झिजतो आणि आतील पांढरे पोलाद उघडे पडते. झीज कोठे आहे, यावरून तिचे कारण सांगता येते. नळीच्या तोंडाच्या कडा पांढऱ्या पडल्या असतील, तर शस्त्र चामड्याच्या म्यानात वारंवार घातले-काढले गेले असावे. मुठीच्या मागील पट्टीवरचा थर गेला असेल, तर तो तळहाताच्या घामाने गेला. आतील सरकत्या भागांवरच्या चकचकीत रेषा घर्षणाच्या असतात. परंतु एकही गोळी न उडवता केवळ हाताने खटका मागेपुढे केला तरी त्या उमटतात.

सर्वांत फसवी खूण नळीच्या आतली. नळीत दारूचे अवशेष दिसले म्हणजे पिस्तूल वापरलेले, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. बेल्जियमच्या शस्त्रांबाबत हे गृहीतक टिकत नाही. तेथील लीज शहरात शस्त्रचाचणीचे शासनमान्य गृह सतराव्या शतकापासून आहे. कारखान्यातून निघालेल्या शस्त्राला तेथे नेहमीपेक्षा जड भाराच्या काडतुसाची चाचणी द्यावी लागे, आणि मगच त्यावर अंडाकृती चौकटीतील ई एल जी ही अक्षरे ठोकली जात. म्हणजे पेटीबंद, कोरे, तेल माखलेले पिस्तूलही ग्राहकाच्या हाती येण्यापूर्वीच उडालेले असे. ‘नवे’ हा शब्द व्यापाराच्या दृष्टीने खरा असला, तरी नळीच्या दृष्टीने खोटा ठरतो.

नळीतील गंजाच्या खड्ड्यांविषयीही असेच म्हणता येईल. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे उडविल्यानंतर नळीत क्षार उरे. तो हवेतील ओलावा शोषी, आणि गरम पाण्याने धुऊन तेल न दिल्यास थोड्याच दिवसांत पोलाद खाऊ लागे. मुंबई-कोकणच्या हवेत तर हे फार लवकर घडे. त्यामुळे एकदाच उडवून तसेच ठेवलेले पिस्तूल जर्जर दिसते. शेकडो वेळा उडवून दर वेळी स्वच्छ केलेले पिस्तूल नव्यासारखे राहते. खड्ड्यांवरून वापराची मोजदाद करणारा अभ्यासक प्रत्यक्षात मालकाच्या निष्काळजीपणाचीच मोजदाद करीत असतो.

नाशिक, १९०९ :
२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांचा अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी वध केला. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. वधासाठी वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते, आणि १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालानेही तेच नोंदविले. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी असलेल्या चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या दुहेरी तळात दडवून ही पिस्तुले १९०९ च्या आरंभी मुंबईस आली. अमीन पुढे माफीचे साक्षीदार झाले. पिस्तुले पाठविणारे म्हणून विनायक दामोदर सावरकर यांच्यावर वधास साहाय्य केल्याचा स्वतंत्र खटला चालला, आणि ३० जानेवारी १९११ रोजी त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची दुसरी शिक्षा झाली.

येथे शस्त्राच्या ओळखीला किती मोल होते, हे ध्यानात यावे. जॅक्सन यांच्या वधाच्या वेळी सावरकर भारतात नव्हते. त्यांना त्या कृत्याशी जोडणाऱ्या दुव्यांपैकी सर्वांत ठोस दुवा हे पिस्तूल होते. ‘हे त्या विसांपैकीच एक’ हे विधान ज्या साखळीवर उभे आहे तिच्या कड्या म्हणजे माणसांच्या साक्षी. पोलादाने स्वतः काय सांगितले असते?

फार थोडे. त्या काळी युरोपात ब्राउनिंग या नावाने विकली जाणारी पिस्तुले बेल्जियममधील हर्स्टालच्या कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार होत आणि दिसायला सारखीच असत. पेटीच्या तळातून आलेल्या पिस्तुलावर प्रवासाचे ओरखडे असू शकतात. पण मुंबईच्या दुकानातून परवान्याने घेतलेल्यावरही तसेच ओरखडे असू शकतात. मुंबईत आल्यापासून वधापर्यंतच्या सुमारे नऊ-दहा महिन्यांत पिस्तुले हातोहात फिरली, लपविली गेली आणि पावसाळाही त्यांनी पाहिला. त्यामुळे वर्षाच्या आत नवे पिस्तूल ‘जुने’ दिसू लागणे स्वाभाविक होते. गोळीवरील ओरखडे तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली जुळविण्याची पद्धत अमेरिकेत १९२५ च्या सुमारास रूढ झाली. नाशिक खटल्याच्या काळी ती उपलब्ध नव्हती. निर्णायक ठरू शकणारी एकच खूण उरते, ती म्हणजे कारखान्याने ठोकलेला क्रमांक. क्रमांक झिजत नाही, घामाने जात नाही, आणि खोडल्यास खोडल्याची खूण राहते. नाशिक प्रकरणावर विपुल लेखन झाले आहे. त्यात वीरश्रीला भरपूर जागा मिळाली, क्रमांकाला मात्र फारशी मिळाली नाही, ही खेदाची बाब आहे.

क्रमांकाचे महत्त्व साराजेव्होच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या ब्राउनिंगच्या १९०० सालच्या प्रतीने झाली, असे अनेक ग्रंथ दशकानुदशके सांगत राहिले. ऑस्ट्रियातील जेझुइट धर्मसंघाकडे असलेले शस्त्र २००४ मध्ये व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आले, तेव्हा ते १९१० सालच्या प्रतीचे, क्रमांक १९०७४ चे पिस्तूल असल्याचे सर्वांसमोर आले. इतक्या गाजलेल्या घटनेतही ग्रंथकार एकमेकांची नक्कल करीत राहिले.

दिल्ली, १९४८ :
दुसरा खटला अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अधिक जवळचा आहे. महात्मा गांधी यांच्या हत्येच्या खटल्यातील आरोपी विष्णू करकरे यांचे डेक्कन गेस्ट हाउस नगर शहरात होते, आणि २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात स्फोट घडविणारा मदनलाल पहवा फाळणीनंतर निर्वासित म्हणून नगरला आलेला होता.

या कटातील शस्त्रे नवी नव्हती. २० जानेवारीच्या सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनाच्या मागील झाडीत दोन रिव्हॉल्व्हरची चाचणी घेण्यात आली. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या जबानीनुसार गोपाळ गोडसे याच्या रिव्हॉल्व्हरचे काडतुसांचे चक्र नीट बाहेर येईना, आणि दुसऱ्यातून उडविलेली गोळी नेम धरलेल्या झाडापर्यंतही पोहोचली नाही. मग तेल आणि चाकू आणवून दुरुस्तीचा प्रयत्न झाला. बडगे हा स्वतः पुण्यात शस्त्रविक्रीचा व्यवसाय करणारा, आणि गोपाळ गोडसे खडकीच्या लष्करी भांडारात नोकरीला. शस्त्रांशी परिचय असलेल्या माणसांनाही केवळ हाताळून शस्त्राची पारख झाली नाही. ती प्रत्यक्ष उडविल्यावरच झाली. त्या दिवशीचा बेत फसला, त्यामागे इतर कारणांबरोबर ही नादुरुस्त शस्त्रेही होती.

दहा दिवसांनंतर वापरले गेलेले पिस्तूल वेगळे होते : इटालियन बनावटीचे बेरेटा, क्रमांक ६०६८२४. याचे काडतूस ‘नऊ मिलिमीटर आखूड’ म्हणून ओळखले जाते. साराजेव्होच्या पिस्तुलाचे काडतूसही तेच होते, हा एक योगायोग. इटालियन सैन्यासाठी तयार झालेल्या या प्रतीच्या पिस्तुलांवर ख्रिस्ती सन आणि त्याच्या शेजारी रोमन अंकांत फॅसिस्ट राजवटीचे वर्ष ठोकीत. म्हणजे वस्तूच्या जन्माची नोंद वस्तूवरच होती. शिवाय या वेळी विज्ञानाचीही जोड मिळाली. पंजाबातील फिल्लौर येथील पोलीस प्रयोगशाळेने गोळ्या व रिकामी काडतुसे यांची पिस्तुलाशी तुलना केली. पिस्तूल कोणाच्या हातात होते याविषयी तर वादच नव्हता.

तरीही मधल्या काळाचा प्रश्न राहिलाच. इटलीत तयार झालेले पिस्तूल जानेवारी १९४८ मध्ये नथुराम गोडसे याच्याकडे कसे आले? सरकार पक्षाच्या मते ते २८ जानेवारी रोजी ग्वाल्हेरला डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या मदतीने मिळविले गेले. नथुरामचे म्हणणे असे की, ते त्याने दिल्लीत निर्वासितांच्या छावणीत विकत घेतले. विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी परचुरे यांना दोषी ठरविले. त्याच वर्षी जूनमध्ये पंजाब उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. क्रमांक ठाऊक, गोळी जुळलेली, मारेकरी जागेवर पकडलेला. आणि तरी पिस्तुलाचा मार्ग वादग्रस्तच राहिला. मुठीवरील झीज इटालियन सैनिकाच्या तळहाताची, ग्वाल्हेरच्या मालकाची की आणखी कोणाची, हे सूक्ष्मदर्शकही सांगू शकत नाही. झिजेला नाव नसते.

जिल्ह्यातील शस्त्रसाठा :
या चर्चेचा संबंध कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या तालुक्यांतील जुन्या घराण्यांकडील शस्त्रांशी थेट येतो. १७९५ ची निजामाविरुद्धची लढाई ज्या खर्ड्याच्या माळावर झाली, ते खर्डे शेजारच्याच जामखेड तालुक्यात आहे. त्यामुळे घरातील तलवार ‘खर्ड्याची’ असल्याचे सांगण्याचा मोह या भागात स्वाभाविक आहे. पात्यावरचा खाच पडलेला भाग दाखवून त्याला युद्धाचा पुरावा मानले जाते. तशी खाच बोकड तोडताना, लाकडावर आपटून किंवा मुलांच्या खेळातही पडू शकते.

दुसरीकडे, ज्यावरून काही ठरविता आले असते, ते दरवर्षी खंडेनवमीला पुसले जाते. पूर्वी शिकल करण्याचे काम शिकलगारांचे होते. तो कारागीर पात्याची घडण ओळखून बेताने घाशी. आता चिंच, राख, विटकरीची पूड आणि अलीकडे हार्डवेअरच्या दुकानातील पॉलिशपेपर यांनी शस्त्र ‘नव्यासारखे’ केले जाते. त्या घासण्यात मुठीजवळील कारागिराचा छाप, कोरलेली अक्षरे, पात्याचे मूळ पाणी आणि शंभर वर्षांची हाताची झीज एकाच वेळी जाते. उरते ते चकाकणारे लोखंड. त्यावर पुढे कोणतीही कथा चिकटविता येते.

महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना येथे करता येण्याजोगे काम खर्चिक नाही. पूजेपूर्वी, म्हणजे घासण्यापूर्वी, शस्त्राच्या दोन्ही बाजूंचे आणि मुठीचे छायाचित्र घ्यावे. छाप व अक्षरांचे मोजमाप लिहावे. झीज नेमकी कोठे आहे ते आकृतीवर दाखवावे. आणि घरात सांगितली जाणारी हकीकत सांगणाऱ्याच्या शब्दांत, परंतु वेगळ्या रकान्यात उतरवून घ्यावी. कोठीची बंदूक किंवा पिस्तूल असल्यास क्रमांक आणि चाचणीगृहाचे ठसे प्रथम नोंदवावेत, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली त्याची स्थिती काय आहे हे मालकाला समजावून सांगावे. अन्यथा भीतीपोटी ते विहिरीत टाकले जाते. हकीकत आणि खुणा यांचे हे दोन रकाने पुष्कळदा जुळणार नाहीत. न जुळलेल्या नोंदीही तशाच ठेवाव्यात.