निकोबारचा मेगापोड : मातीच्या ढिगाऱ्यात अंडी उबवणारा पक्षी

चेन्नई : स्वतःच्या अंगाची ऊब न देता मातीतील उष्णतेवर अंडी उबवणारा भारतातील एकमेव पक्षी म्हणजे निकोबार मेगापोड. निकोबार बेटांपलीकडे तो जगात कोठेही आढळत नाही. ग्रेट निकोबारमधील प्रस्तावित प्रकल्पाच्या वादात त्याच्या अधिवासाचा प्रश्न महत्त्वाचा ठरला असून, या वादाचा एक धागा चेन्नईपर्यंत येतो.

मेगापोड म्हणजे मोठ्या पायांचा. या कुळातील सुमारे वीस जाती मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, पूर्व इंडोनेशिया व प्रशांत महासागरातील बेटांवर राहतात. ऑस्ट्रेलियातील मॅलीफाउल पालापाचोळा व वाळूचा ढीग रचतो, तर सुलावेसी बेटावरील मेलिओ सूर्याने किंवा भूगर्भातील उष्णतेने तापलेल्या जमिनीत अंडी पुरतो. निकोबार मेगापोड या कुळाच्या मुख्य प्रदेशापासून दूर, पश्चिमेच्या टोकाला एकटा पडला आहे. एडवर्ड ब्लिथ यांनी १८४६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

कोंबडीएवढा, तपकिरी रंगाचा हा पक्षी बळकट पायांनी वाळू, माती, प्रवाळाचे तुकडे व पालापाचोळा उकरून मोठा ढिगारा तयार करतो. कुजणाऱ्या पाल्यातील सूक्ष्मजीवांमुळे आत उष्णता निर्माण होते व उन्हाचीही तीत भर पडते. नर व मादी दोघेही ढिगाऱ्याची निगा राखतात. मादी आपल्या आकाराच्या मानाने बरीच मोठी अंडी एकेक करून त्यात पुरते. सुमारे ७० ते ८० दिवसांनी पिल्लू स्वतःच माती उकरून वर येते. त्या वेळी त्याला पिसे फुटलेली असतात आणि पालकांच्या मदतीवाचून ते जगू लागते.

या पद्धतीमुळेच पक्ष्याचे भवितव्य किनाऱ्याशी बांधले गेले आहे. बहुतांश ढिगारे समुद्रापासून शंभर मीटरच्या आत, किनारी जंगलात असतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने नेमका हाच पट्टा उद्ध्वस्त केला. त्यानंतर झालेल्या पाहणीत, १९९० च्या दशकातील गणनेच्या तुलनेत मेगापोडची संख्या जवळपास ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जात ‘असुरक्षित’ असून, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे.

ग्रेट निकोबारमधील गॅलाथिया खाडीत मालवाहतूक बंदर उभारण्याची योजना आहे. खाडीतील अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढून घेण्यात आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. मेगापोडसाठी मेंचल बेटावर स्वतंत्र अभयारण्य करण्याचा उपाय सरकारने योजला आहे.

किनारा नियमन अधिसूचनेनुसार पक्ष्यांची व कासवांची प्रजननस्थळे सर्वाधिक संवेदनशील श्रेणीत येतात आणि तेथे बंदराला परवानगी नाही. या मुद्द्यावर राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०२३ मध्ये उच्चाधिकार समितीकडे फेरतपासणी सोपवली. चेन्नईतील राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने प्रत्यक्ष जागेवर केलेल्या पाहणीच्या आधारे, प्रकल्पाचा कोणताही भाग या श्रेणीत येत नसल्याचा निष्कर्ष समितीने काढला. पर्यावरण अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत.

पक्ष्याला दुसरे बेट राखून देता येते. परंतु तेथे ढिगाऱ्याला योग्य अशी माती, पालापाचोळा व समुद्रालगतचे जंगल पुरेसे असणे आवश्यक आहे. नकाशावरील किनाऱ्याची रेषा कोठे आखली जाते, यावर म्हणूनच मेगापोडच्या पुढील पिढ्या अवलंबून आहेत.