साडेदहा ते अकरा

गुप्तहेर हा मुळात बिनकामाचा माणूस असावा, असं माझं फार जुनं मत आहे. शेरलॉक होम्सला कुणी कधी दळण आणायला पिटाळल्याचं वाचलंय तुम्ही? दिवसभर काउंटर, संध्याकाळी कॅश टॅली, घरी आल्यावर भाजी. ज्याच्या वाट्याला जेमतेम रात्री साडेदहा ते अकरा एवढाच वेळ येतो, त्यानं खुनाचा तपास करायचा केव्हा? मग कॉम्प्युटरवरच्या गुप्तहेरी खेळांचा इतिहास चाळला, तर तो निघाला वेळेचाच जमाखर्च!

खातं उघडलं १९८० साली. अमेरिकेतल्या रॉबर्टा विल्यम्सबाईंनी घरसंसार सांभाळून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर 'मिस्टरी हाऊस' रचला. प्रोग्रॅम लिहिला यजमानांनी, म्हणजे केन विल्यम्सनी. चित्रं असलेला हा पहिला साहसी खेळ मानतात. तो विकला गेला प्लास्टिकच्या पिशवीतून. ही हकीकत मी घरी मोठ्या कौतुकानं सांगितली. "बघा, यजमान मदत करायचे," एवढंच उत्तर आलं.

१९८२ साली इन्फोकॉम कंपनीनं मार्क ब्लँक यांचा 'डेडलाइन' काढला. चित्र एकही नाही, नुसता मजकूर. तोही फ्लॉपीत मावेना, म्हणून जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, एवढंच काय, गोळ्यासुद्धा खोक्यात घालून दिल्या! तपासाला खेळातले बारा तास, सकाळी आठ ते रात्री आठ. तुमच्या बहुतेक हुकमांना एकेक मिनिट खर्ची पडणार. आता हे ऑफिस झालं की हो! दिवसभर घड्याळाचा धाक सोसून रात्री पुन्हा मस्टर कशाला?

आमची सोय झाली २०१८ साली. लुकास पोप यांच्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'चा नायक ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-तपासनीस आहे. साल १८०७. बेपत्ता झालेलं जहाज परत आलंय, पण रिकामं. त्यावरच्या ६० जणांपैकी कोण कोण होतं, कुणाचं काय झालं, ते वहीत भरायचं. तीन माणसांच्या नोंदी अचूक जुळल्या की वही त्या पक्क्या करते. एकूण तपासाला मुदत नाही. नायकाला पिस्तूल नाही, पाठलाग नाही. अहो, हा गुप्तहेर कसला, हा तर आपला कारकून!

रात्री अर्धा तास, कधी तीन नोंदी, कधी एकही नाही. पण या हिशेबावरच ठरतं, की कुणाच्या वारसांना भरपाई मिळणार आणि कुणाला दंड होणार. खलाशांत आपल्या हिंदुस्थानातलेही आहेत. नाव आहे, चेहराही आहे. दोन्ही जुळवून देणारा कुणीतरी हवा.

दिवसा मी सह्या जुळवतो. मान वर करायला सवड नसते. हल्ली मात्र पेन्शनच्या रांगेत एखादं नाव पुकारलं, की त्या नावाचा माणूस कोणता, म्हणून क्षणभर वर बघतो. रांग थोडी हळू सरकते. पण आजोबा हसतात, आणि ती नोंद पक्की होते.