झाकण उघडायचं की नुसतंच पुसायचं?

1985 साली हीरो होंडाची सीडी 100 बाजारात आली, आणि तिच्या जाहिरातीतली एक ओळ अख्ख्या देशाला पाठ झाली: "फिल इट, शट इट, फर्गेट इट". पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. ही ओळ लोकांच्या लक्षात राहिली ती मायलेजमुळे. माझं लक्ष मात्र नेहमी शेवटच्या दोन शब्दांवर अडकतं. विसरून जा... म्हणजे त्याआधी मोटरसायकल ही विसरता न येणारी वस्तू होती की काय?

तर मंडळी, होती. अगदी शंभर टक्के होती.

सीडी 100 यायच्या आधी आपल्याकडे मोटरसायकल म्हणजे मुख्यतः तीन घराणी. मद्रासची एन्फिल्ड बुलेट, म्हैसूरची जावा (जी 1973 पासून येझदी झाली), आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. यातल्या जावा-येझदी आणि राजदूत टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. ते ऑइल इंजिनात जळतं, पण पूर्ण जळत नाही. जे उरतं त्याचा काळा कार्बन पिस्टनच्या डोक्यावर, एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या आतल्या नळीवर थरावर थर बसतो. मग गाडी दमते. चढावर कुंथायला लागते. उपाय एकच, उघडा आणि खरवडा. हेड काढून लाकडी पट्टीनं कार्बन काढायचा (लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरलात तर अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे नक्की), आणि सायलेन्सरची नळी कॉस्टिक सोड्यात भिजत घालायची.

दुसरं प्रकरण सीबी पॉइंटचं. इंजिनात ठिणगी नेमक्या क्षणी पडावी म्हणून दोन छोटे धातूचे बिंदू सतत उघडझाप करत असतात. उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगवर ठिणगी पडते. हे बिंदू झिजतात, काळे पडतात आणि त्यांच्यातली फट बदलते. फट असायला हवी साधारण 0.4 मिलिमीटर. ती मोजायला फीलर गेज नावाचं साधन मिळतं. ते नसेल तर गणित करा. दाढीचं ब्लेड साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतं. चार ब्लेडं एकावर एक ठेवली की झालं तुमचं फीलर गेज! आमचे काका हे सगळं इतक्या सहज सांगतात, जणू चहात साखर किती घालायची ते सांगताहेत. त्यांची येझदी आजही आमच्या पार्किंगमध्ये उभी आहे. "अरे, गाडी बंद पडली तर ढकलत न्यायची कुठं? गॅरेज होतं तालुक्याला," हे त्यांचं स्पष्टीकरण. छंदबिंद काही नाही, नाइलाज होता.

पण नुसता नाइलाज म्हणून सोडून दिलं तर गोष्टीतला मजेदार भाग निसटतो. त्या गाड्या मालकानं उघडाव्यात असं धरूनच बनवल्या होत्या. बुलेटचंच बघा. जुन्या, कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटमध्ये टॅपेट सेट करायचे असतील तर सिलेंडरच्या बाजूला एक छोटी खिडकी असते. तिला नट किती? एक. डावीकडचं प्रायमरी चेनचं भलंमोठं झाकण कशावर बसवलंय? मधोमध असलेल्या एका नटावर. टॅपेट बरोबर बसले की नाही हे ओळखायला साधन कोणतं? बोटं. इंजिन थंड असताना आतला पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. बस्स. ज्यानं हे डिझाइन केलं त्याच्या डोळ्यासमोर पाना हातात घेतलेला मालक होता.

याचं कारण बुलेटच्या इतिहासात आहे. बुलेट हे नाव 1932 चं, इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातलं. 1950 च्या दशकात भारत सरकारनं सीमेवरच्या गस्तीसाठी 350 सीसीच्या बुलेट मागवल्या. 1955 मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिरुवोट्टियूरला सुटे भाग जोडून गाड्या तयार व्हायला लागल्या. पुढे रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला, पण मद्रासमध्ये तेच इंजिन पुढची चाळीस वर्षं चालू राहिलं. म्हणजे आपण 2000 सालानंतरही युद्धाच्या आगेमागे आखलेली गाडी नवीन म्हणून विकत घेत होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड, पण नीट डॉक्युमेंट केलेला!

आणि त्या गाडीची किक मारणं म्हणजे तर एक विधीच. डिकॉम्प्रेसर दाबायचा, अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच खाली न्यायची, मग आणखी थोडंसं पुढे, डिकॉम्प्रेसर सोडायचा आणि मग दणका. काटा मध्यावर येतो याचा अर्थ सीबी पॉइंट उघडले, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाजवळ आला. हे माहीत नसताना जो किक मारेल त्याच्या पायाला बुलेट परत किक मारते. थोडक्यात, नुसती सुरू करायलासुद्धा आत काय चाललंय हे ठाऊक असावं लागे.

आता होंडाकडे वळू. सीडी 100 चं इंजिन ज्या कुळातलं, त्याची मूळ गाडी म्हणजे 1958 ची सुपर कब. ती आखताना समोर कोणता ग्राहक होता, याची एक प्रसिद्ध कथा आहे: एका हातात नूडल्सचा ट्रे सांभाळत दुसऱ्या हातानं गाडी चालवणारा पोऱ्या. त्याला इंजिनाशी काही देणंघेणं नाही, त्याला नूडल्स गरम असताना पोचायचंय. बुलेटच्या समोर फौजेतला फिटर आणि होंडाच्या समोर हा पोऱ्या. आम्ही मीटिंगमध्ये 'युजर पर्सोना' म्हणून जे तासन्‌तास दळत असतो ना, ते हेच.

फोर-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही, त्यामुळे कार्बन खरवडायचं कामच जवळजवळ संपलं. मी याला सरळ प्रगती म्हणतो. जुन्या गाड्यांवर माझा जीव आहे, पण सिग्नलला येझदीच्या मागे उभं राहून बघा, प्रेम जरा कमी होतं. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स 100 सुद्धा गेली. 2009 च्या क्लासिक 350 मध्ये हायड्रॉलिक टॅपेट आले आणि बुलेटच्या घराण्यातली ती एका नटाची खिडकीही बंद होऊ लागली.

बरं, उघडायची गरज संपली. पण रविवार सकाळ होतीच, फडकाही होता. मग उरलं ते पुसणं. आणि इथं मला सगळ्यात जास्त मजा येते, कारण चकाकीच्या मागेही चांगलंच विज्ञान आहे.

गाडीवर चमकणारे धातू मुख्यतः दोन, क्रोम आणि अ‍ॅल्युमिनियम. दोघांची जातकुळी पूर्ण वेगळी. क्रोमियम हे मूलद्रव्य 1797 मध्ये फ्रान्सच्या व्होक्लँनं शोधलं, पण त्याचा मुलामा व्यवहारात यायला 1920 चं दशक उजाडलं. कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी 1924 च्या सुमारास ते जमवलं. जावाच्या टाकीच्या बाजूंना जो आरसा दिसतो, त्यातला क्रोमचा थर असतो अर्ध्या मायक्रॉनच्याही आतबाहेर. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन, म्हणजे विचार करा. खरं तर आपण ज्याला क्रोमची चमक म्हणतो ती बरीचशी खालच्या निकेलच्या थराची, आणि त्याहून खाली घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्याची. क्रोम म्हणजे फोनवरचा स्क्रीन गार्ड. म्हणून क्रोमला पॉलिश पेपर कधीही लावायचा नाही. बारीक गंजाचे ठिपके आले असतील तर किचनमधली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा. फॉइल क्रोमपेक्षा खूपच मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि क्रोम वाचतो. मात्र फोड येऊन सोलवटायला लागलं असेल तर घरचा उपाय नाही, प्लेटिंगवाल्याकडेच जावं लागतं. (आणि ते काम घरी करायच्या फंदात पडू नका. प्लेटिंगच्या टाकीतलं सहा-संयुजी क्रोमियम कॅन्सरला कारण ठरतं.)

अ‍ॅल्युमिनियमचं उलट. इंजिनाची झाकणं आरपार एकाच धातूची, त्यामुळे मनसोक्त घासता येतात. पण आपल्या घरात भांडी चकचकीत करायची जी परंपरा आहे ती इथं चालत नाही. आजी समई चिंचेनं घासते तेव्हा चिंचेतलं आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवतं. अ‍ॅल्युमिनियम आम्लालाही बळी पडतं आणि अल्कलीलाही. म्हणूनच वर जो कॉस्टिक सोडा सांगितला तो चुकूनही झाकणांवर उडू द्यायचा नाही. धातूच खाऊन टाकतो तो. तेव्हा इथं विरघळवणं नाही, फक्त घासणं.

काकांच्या येझदीचं क्लच कव्हर मी गेल्या पावसाळ्यात दोन शनिवार-रविवार घालवून केलं. आधी 400 नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून. मग 600, 800, 1000, 1500 आणि शेवटी 2000. युक्ती एकच आहे: प्रत्येक नंबराला दिशा बदलायची. आधीचा उभा घासला असेल तर पुढचा आडवा. आडव्या ओरखड्यांत एकही उभा दिसेनासा झाला की पुढच्या नंबराला जायचं, त्याआधी नाही. घाई करून 400 चा एक ओरखडा मागे राहिला तर तो 2000 नंतर अगदी दिमाखात चमकतो. शेवटी ड्रिलला कापडी चाक लावून बफिंग, डोळ्यांना गॉगल. फडका काळाकुट्ट होतो. तो मळ नसतो, निघालेलं अ‍ॅल्युमिनियमच असतं.

बफिंगच्या पांढऱ्या वड्यांमध्ये काय असतं माहितीये? बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. म्हणजे जो ऑक्साइड धातूवर बसून त्याला निस्तेज करतो, त्याचीच कडक पूड त्याला चमकवते. सोनाराची लाल वडी म्हणजे आयर्न ऑक्साइड, रसायनशास्त्राच्या हिशेबानं जवळपास गंजच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उगाचच अर्धा तास खूष होतो.

असो. मुद्द्यावर येतो.

नोव्हेंबर 2018 मध्ये जावा परत आली, जानेवारी 2022 मध्ये येझदीही. नवी जावा बघायला गेलो तर टाकीवर तोच क्रोम, एकाच सिलेंडरला तेच दोन सायलेन्सर, आणि इंजिनावर त्याच आडव्या पट्ट्या. या पट्ट्या मुळात हवेनं इंजिन थंड व्हावं म्हणून असतात. नव्या जावाचं 293 सीसी इंजिन मात्र पाण्यानं थंड होतं, रेडिएटर आहे समोर. म्हणजे पट्ट्या मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी. गाडी छानच आहे, वाद नाही. पण परत आला तो पुसायचा भाग, उघडायचा नव्हे.

मग 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं. बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, आणि ठिणगी-पेट्रोलचा हिशेब एका छोट्या कॉम्प्युटरकडे गेला. धूर कमी झाला, थंडीत चोक ओढायची गरज उरली नाही. पण 1985 मध्ये झालेला बदल आणि हा बदल यांत मला एक फरक दिसतो, आणि लोक या दोन्हींना एकाच मापानं मोजतात याचा मला राग येतो. 1985 मध्ये मालकाला सांगितलं गेलं की उघडायची गरज नाही. आता सांगितलं जातंय की उघडू नका. इंजेक्शनवाली गाडी दुरुस्त करणं मुळात अवघड नाही. ती तर येझदीपेक्षा जास्त बोलकी आहे! कोणता सेन्सर रुसलाय हे ती स्वतः कोड देऊन सांगते. माझं रोजचं पोट लॉग वाचण्यावर भरतं, त्यामुळे सांगतो, इतका आयता लॉग क्वचित मिळतो. फक्त त्या कोडचा अर्थ, वायरिंगचा नकाशा आणि वाचायचं यंत्र अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या कपाटात. याला तांत्रिक कारण नाही, धंद्याचं आहे. आणि याचा फटका माझ्यासारख्या हौशी माणसापेक्षा कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला जास्त बसतो. पॉइंटचा गॅप नजरेनं ओळखणारा माणूस आता चेनला तेल आणि पंक्चर एवढ्यावर येतो.

जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर' साठी समिती नेमली आणि डिसेंबर 2022 मध्ये त्याचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. सुरुवात चांगली आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि कंपनीनं काय उघड करायचं हे कंपनीच ठरवणार असेल तर ते काय उघड करणार हे तुम्हीही सांगू शकाल.

माझ्या स्वतःच्या गाडीचं, म्हणजे ऑफिसला जायच्या गाडीचं, मॅन्युअल परवा बसून वाचलं. (कंपनीचं नाव जाऊ दे, सगळी सारखीच.) टायरमधली हवा, चेनचा ताण, ब्रेक ऑइलची पातळी आणि बॅटरी, एवढं मला करायची परवानगी आहे. बाकी प्रत्येक पानाच्या तळाशी अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. धुण्यापुसण्यावर मात्र चांगली दोन पानं आहेत, फडका कोणता घ्यावा इथपर्यंत.