मुरगावचा न दिसणारा माल

मुरगाव बंदराचा इतिहास सांगताना आपल्याकडे खनिजाखेरीज दुसरे काही सहसा निघत नाही. लाल धूळ डोळ्यांत जाते, त्यामुळे ती लेखांतही गेली. पण याच बंदरात आठ नंबरच्या धक्क्यावर तेल आणि रसायने उतरतात. जहाजाचेच पंप माल नळात लोटतात आणि नळ तो थेट टाक्यांत नेऊन सोडतो. हमाल दिसत नाही, ढीग दिसत नाही, मग लिहिणार कशावर?

वास्तविक या मालावर गोव्याचे बरेच काही अवलंबून होते. १९५५ साली भारताने नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, आणि रॉकेल-पेट्रोलसाठी समुद्राचीच वाट उरली. पुढे १९७३ साली सांकवाळचा खत कारखाना सुरू झाला. त्याचा अमोनिया नाफ्थ्यापासून बने. तिथे नैसर्गिक वायू आला तो २०१३ च्या सुमारास.

नाफ्था म्हणजे काय, हे बहुतेक गोवेकरांना ऑक्टोबर २०१९ मध्ये कळले. क्यार वादळाच्या दिवसांत ‘नू शी नलिनी’ हे माणूस नसलेले जहाज मुरगावहून वाहत जाऊन दोना पावलाला राजभवनाखालच्या खडकांत रुतले. पोटात दोन हजार टनांहून अधिक नाफ्था! तो कच्च्या तेलासारखा काळा, चिकट नसतो. पाण्यासारखा दिसतो, भराभर उडतो आणि त्याची जड वाफ खालीच पसरते, ठिणगी पुरे. नशिबाने तो पंपांनी सुखरूप काढता आला. रिकामा सांगाडा मात्र त्यानंतरही कित्येक महिने तिथेच होता, आणि लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते.