पाणी पाजलेलं पोलाद

‘पाणीदार’ माणूस, ‘पाणी जोखणे’, ‘पाणी दाखवणे’. यांतलं पाणी विहिरीचं नाही, पात्याचं आहे. कोयता लालबुंद तापवून लोहार तो पाण्यात बुडवतो, त्याला म्हणायचं ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’.

‘पाणी’ आलं संस्कृत ‘पानीय’वरून, म्हणजे पिण्याजोगं. ‘पाजणे’ही त्याच ‘पा’ धातूचं. पोलादाला पाजण्याची कल्पना फार जुनी. सुश्रुतसंहितेत शस्त्रांची ‘पायना’ तीन प्रकारची सांगितली आहे: क्षाराची, पाण्याची आणि तेलाची. हाड कापायचं तर क्षार, मांस कापायचं तर पाणी, शीर वेधायची तर तेल. काय बारकाई आहे ही! तेलात पोलाद सावकाश निवतं, त्यामुळे तडकण्याची भीती कमी, हे आजचा हीट ट्रीटमेंटवालाही सांगेल.

सुमारे ८०० अंशांवरून पोलाद झटकन निवलं, की आतला कार्बन जागच्या जागी अडकतो. पातं कठीण होतं, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा २००-३०० अंशांपर्यंत तापवतात. तेव्हा घासलेल्या अंगावर आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. हा रंग ओळखणं हीच खरी कारागिरी. आज कारखान्यात कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्राचा हिऱ्याचा शंकू पाणी जोखतो. लोहार कानस फिरवून पाहतो. घसरली तर पाणी चढलं, चावली तर नाही.

चढलेलं पाणी उतरतंही. ग्राइंडरवर विळीला धार लावताना पातं निळं पडू देऊ नका, मधूनमधून पाण्यात बुडवा.