डेटाबेसमधील कुलूप

एकच काम करण्यासाठी अनेक संगणक सज्ज ठेवले, की ते दोनदा होण्याचा धोका संभवतो. बँकेच्या खात्यांवर व्याज जमा करणारा प्रोग्राम मध्यरात्री दोन सर्व्हरवर एकदम सुरू झाला, तर व्याजही दोनदा जमा होईल. एका वेळी एकालाच काम करू देणाऱ्या व्यवस्थेस 'लॉक' अर्थात कुलूप म्हणतात. संगणक एकच असेल, तर ही जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिम पेलते. ते अनेक असल्यास सर्वांना दिसेल अशी सामाईक जागा लागते आणि बहुतेक ठिकाणी ती डेटाबेसच्या रूपाने आधीपासूनच असते.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे एका तक्त्यात कुलपाच्या नावाची ओळ घालणे. नाव एकदाच येऊ शकते, असे बंधन तक्त्यावर असल्याने दुसऱ्याचा प्रयत्न फेटाळला जातो. मात्र ओळ पुसण्याआधीच सर्व्हर बंद पडला, तर कुलूप तसेच लागून राहते. 'सिलेक्ट फॉर अपडेट' या आज्ञेने घेतलेले कुलूप व्यवहार संपताच सुटते. पण तासभराच्या कामासाठी व्यवहार तासभर उघडा ठेवणे महागात पडते. 'पोस्टग्रेस'मध्ये तर तोवर जुन्या नोंदींची साफसफाईही अडून राहते. यावर तेथे 'अ‍ॅडव्हायजरी लॉक'ची सोय आहे. हे कुलूप एखाद्या अंकाशी बांधलेले असते आणि जोडणी तुटताच सुटते. 'मायएसक्यूएल'मधील 'गेट लॉक' हे फंक्शनही याच जातीचे. मात्र ५.७.५ पूर्वीच्या आवृत्त्यांत दुसरे कुलूप घेताच पहिले गुपचूप सुटत असे!

खरी मेख पुढेच आहे. कुलूप कायमचे अडकू नये म्हणून त्याला मुदत घातली जाते. समजा, ते हाती असलेला सर्व्हर मेमरीच्या साफसफाईत काही क्षण थबकला. तेवढ्यात मुदत संपली आणि दुसऱ्याने कुलूप घेतले. पहिला जागा होतो तो आपल्याच हाती कुलूप असल्याच्या समजुतीने, आणि लिहू लागतो. मार्टिन क्लेपमन यांनी २०१६ मध्ये 'रेडिस'च्या कुलपांवर टीका करताना याच प्रसंगाकडे लक्ष वेधले होते. त्यांनी पुरस्कारलेला उपाय असा, की प्रत्येक कुलपासोबत चढता क्रमांक द्यावा आणि माहिती साठविणाऱ्याने मागील क्रमांकाचे लेखन नाकारावे. 'गुगल'च्या 'चबी' या सेवेवरील २००६ च्या शोधनिबंधातही अशा क्रमांकाची तजवीज आढळते.

कुलूप आणि खाती एकाच डेटाबेसमध्ये असतील, तर ही तपासणी त्याच व्यवहारात उरकता येते. हा या पद्धतीचा मोठा फायदा होय. मात्र मुख्य डेटाबेस कोसळून मागे रेंगाळलेल्या प्रतीकडे कारभार गेला, तर नुकतेच घेतलेले कुलूप त्या प्रतीत नसण्याची शक्यता असते. जेथे एवढीही जोखीम परवडत नाही, तेथे बहुमताने निर्णय घेणाऱ्या 'झूकीपर' किंवा 'ईटीसीडी' यांसारख्या प्रणाली वापरल्या जातात. तेथेही चढत्या क्रमांकाची गरज उरतेच.